मातृवंश 'एम' म्हणजे काय?

प्रश्न : डीएनए चाचणीत माझा मातृवंश 'एम' आला. आमचे पूर्वज नेमके कुठले? भावाचाही वंश तोच कसा?

उत्तर : मातृवंश मायटोकॉन्ड्रियल डीएनएवरून ठरतो. तो आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पुढच्या पिढीला मात्र तो मुलगीच देते. म्हणून तुम्हा भावंडांचे उत्तर एकच. या डीएनएची सुमारे १६,५६९ अक्षरे जवळपास जशीच्या तशी उतरतात, क्वचित एखादे बदलते. असे साचलेले बदल जुळवत संशोधक वंशवृक्षाची एकेक फांदी बुंध्याकडे नेतात. 'एम'चा बुंधा आफ्रिकेतली 'एल३' शाखा. साधारण पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी 'एम' तिच्यातून फुटली. आज निम्म्याहून अधिक भारतीय याच शाखेचे आहेत, पश्चिम आशियात ती विरळच. 'एम२'सारख्या फार जुन्या उपशाखाही इथेच वाढल्या. त्यामुळे तुमची आई-आजी-पणजीची ओळ अतिप्राचीन काळापासून भारतातली असण्याची शक्यता मोठी. जातीचा किंवा गावाचा दाखला यातून काढू नका, कोणी काढून दिला तरी मानू नका. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वजांच्या जागा भरतात. मातृवंशाची ही हकीकत त्यांतल्या एकीचीच. अहवालात 'एम'पुढचा आकडा असेल तर तो जरूर पाहा. उपशाखेवरून प्रदेश अधिक नेमका सांगता येतो.