उच्चार शिकवू या, शिब्बोलेथ नको

शास्त्रभाग : शास्ते १२:१-६, १ करिंथ १४:७-११, प्रेषितांची कृत्ये २:१-११



आपल्या सहकारी मंडळ्यांमधून गेल्या वर्षभरात एक प्रश्न वारंवार आला. वसतिगृहातल्या मुलांना संध्याकाळी मोबाइलवर इंग्रजी उच्चारांचे व्हिडिओ कशासाठी दाखवता? आधी मराठी वाचन पक्के होऊ द्या, इंग्रजीचे पुढे पाहता येईल, असे काहींनी प्रेमाने सुचवले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणून हा पाठ लिहिला आहे. तरुण संघात, महिला मंडळात किंवा घरी कुटुंबात बसून तो वाचता येईल आणि सोबतचा सरावही करता येईल.

१. यार्देनच्या उतारावरची परीक्षा

शास्ते १२ मध्ये गिलादी आणि एफ्राईमी यांच्यातली लढाई आहे. पराभूत एफ्राईमी घरी परतण्यासाठी यार्देन नदीच्या उताराशी येतात. तिथे गिलादी पहाऱ्याला उभे आहेत. पलीकडे जाऊ पाहणाऱ्याला ते एक शब्द उच्चारायला लावतात : शिब्बोलेथ. त्याचा अर्थ कणीस. शब्द साधा, शेतातला. पण एफ्राईमी माणसाच्या तोंडून 'श' निघत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे आणि तिथेच मारला जाई. त्या वेळी ४२,००० माणसे पडली, असे शास्त्र सांगते. दोन्ही बाजूंचे लोक इस्राएलाचेच वंशज होते, हे विसरू नये.

मत्तय २६:७३ मध्ये पेत्रही असाच ओळखला गेला. प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात त्याच्या गालीली बोलीने तो कोण हे उघड केले.

आता आपल्या मुलांकडे पाहू. सातपुड्यातल्या अनेक भिल्ली बोलींत मराठीतल्या 'स'च्या जागी 'ह' येतो. सात हा आकडा तिथे 'हात' होतो. ही चूक नव्हे, तो त्या बोलीचा नियम आहे. पण पाड्यावरचे मूल मोठ्या गावच्या शाळेत जाते, गुरुजी आकडे विचारतात, ते 'हात' म्हणते आणि वर्ग हसतो. आमच्याकडे सहावीत आलेला एक मुलगा अशा हसण्यानंतर वर्गात जवळजवळ वर्षभर बोललाच नव्हता. त्याला उत्तरे येत होती. तो ती वहीत लिहून दाखवी.

इंग्रजी शिकण्याआधीच या मुलांची एकदा शिब्बोलेथची परीक्षा झालेली असते. म्हणून इंग्रजीचा उच्चार शिकवताना दोन गोष्टी बरोबर सांभाळाव्या लागतात. मुलाचे बोलणे समोरच्याला समजले पाहिजे, आणि त्याला आपल्या जिभेची लाज वाटता कामा नये.

२. अक्षर वेगळे, ध्वनी वेगळा

इंग्रजीत अक्षरे २६ आहेत, पण ब्रिटिश उच्चारात साधारण ४४ ध्वनी मोजले जातात. हे ऐकून मुले घाबरतात. तेव्हा त्यांना मराठीचेच उदाहरण द्यावे. 'चार' आणि 'चारा' हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. दोन्हींत 'च' एकच लिहितो, पण उच्चार दोन आहेत. अक्षर एक आणि ध्वनी दोन, हे आपल्याला नवीन नाही.

सुरुवातीला तीन ध्वनी पुरेसे आहेत.

पहिला, व्हिडिओ आणि व्हॅन यांतला. वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवून हवा घासत बाहेर सोडायची. याउलट 'वॉटर' म्हणताना दात कुठेच लागत नाहीत. शिट्टी वाजवताना होतात तसे ओठ गोल होतात. देवनागरी लिखाण इथे फसवते. 'व्हिडिओ' आणि 'व्हाइट' आपण सारखेच लिहितो, पण 'व्हाइट'चा पहिला ध्वनी 'वॉटर'सारखा आहे.

दुसरा, 'थँक यू'मधला. आपल्या 'थ'मध्ये जीभ दातांना लागून हवा अडते आणि मग सुटते. इंग्रजीत जिभेचे टोक दातांच्या मधे येते आणि हवा अडत नाही. परीक्षा सोपी आहे. 'स' जसा श्वास असेपर्यंत लांबवता येतो, तसा हा ध्वनी लांबवता आला पाहिजे. आपला 'थ' लांबत नाही.

तिसरा, 'पेन'मधला. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा. आपला 'पान' म्हणताना ती जेमतेम हलते. इंग्रज माणसाच्या 'पेन'ने ती स्पष्ट उडते. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि तो लवकर जमतो.

३. शब्दातला जोर

सुटे ध्वनी थोडे इकडेतिकडे झाले तरी ऐकणारा सांभाळून घेतो. जोर चुकीच्या जागी पडला, तर मात्र तो गोंधळतो. मराठीत आपण शब्दाचे भाग साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत एक भाग ठळक होतो आणि बाकीचे दबतात. 'हॉस्पिटल'मध्ये जोर पहिल्या भागावर आहे, 'कंप्यूटर'मध्ये दुसऱ्या. 'हॉटेल' आणि 'पोलीस' यांतही तो दुसऱ्यावर आहे. आपण मात्र 'हॉटेल' म्हणताना 'हॉ'वर उतरतो.

हे फळ्यावर समजावले तर डोक्यावरून जाते. आम्ही ढोल घेतो. जोराच्या भागावर मोठी थाप, बाकीच्यांवर बोटांची हलकी थाप. होळीला रात्रभर ढोल ऐकत वाढलेल्या मुलांना हे दोन दिवसांत येते.

हा केवळ छान बोलण्याचा प्रश्न नाही. 'फिफ्टी' म्हणजे पन्नास. जोर पहिल्या भागावर. 'फिफ्टीन' म्हणजे पंधरा. एकटा शब्द असेल तर जोर दुसऱ्या भागावर, आणि शेवटचा 'न' स्पष्ट. पण पुढे दुसरा शब्द आला, उदाहरणार्थ 'फिफ्टीन मिलिग्राम', की जोर बरेचदा पहिल्या भागावर सरकतो आणि दोन्ही आकडे कानाला जवळजवळ सारखे लागतात. आमच्या वसतिगृहातून नर्सिंगला गेलेल्या एका मुलीला रात्रपाळीत फोनवरून औषधाचे प्रमाण सांगितले गेले. तिला शंका आली. तिने विचारले, "वन फाइव्ह की फाइव्ह झिरो?" पलीकडून उत्तर आले, "वन फाइव्ह." सुट्टीत आल्यावर तिने हे सहज सांगितले. पण पुन्हा विचारण्याचा धीर तिला कुठून आला, याचा मी बराच विचार केला. ज्याच्या बोलण्यावर लोक हसलेले असतात, तो माणूस पुन्हा विचारत नाही. ऐकू आले तसे मान डोलावतो. उच्चाराच्या अभ्यासात धीराचा भाग उच्चाराइतकाच मोठा आहे.

४. आवाजाचा चढउतार

'तू जेवलास' हे विधान आहे आणि 'तू जेवलास?' हा प्रश्न. शब्द तेच, फक्त शेवटी आवाज चढतो. इंग्रजीत हो किंवा नाही असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचा शेवट बहुधा असाच चढतो : 'आर यू रेडी?' पण कुठे, काय, कधी असे विचारणाऱ्या प्रश्नाचा शेवट साधारणपणे उतरतो : 'व्हेअर डू यू लिव्ह?' यादी सांगताना प्रत्येक वस्तूवर आवाज थोडा चढतो आणि शेवटच्या वस्तूवर उतरतो, म्हणजे ऐकणाऱ्याला यादी संपल्याचे कळते.

आणखी एक गोष्ट मराठी माणसाला लगेच पटेल. आपण 'मीच पुस्तक दिले' आणि 'मी पुस्तकच दिले' यांत फरक करतो. जोर द्यायला आपल्याकडे 'च' आहे. इंग्रजीत असा 'च' नाही. ते काम आवाज करतो. ज्या शब्दाला मराठीत 'च' लागला असता, तो शब्द इंग्रजीत उंच आणि ठळक म्हणायचा. एवढे एक सूत्र धरून मुलांनी महिनाभर सराव केला, तरी त्यांचे वाचन सपाट राहत नाही.

५. व्हिडिओवरून शिकण्याची रीत

बीबीसी १९४३ पासून इंग्रजी शिकवत आली आहे. 'बीबीसी लर्निंग इंग्लिश'चे उच्चारावरचे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर मोफत मिळतात. ते ब्रिटिश पद्धतीचे आहेत. 'रेचल्स इंग्लिश' ही मालिका अमेरिकन उच्चार शिकवते आणि तोंडाची ठेवण जवळून दाखवते. दोन्ही चांगल्या आहेत, पण पहिले सहा महिने एकच धरावी, नाहीतर मूल गोंधळते. तीस दिवसांत परदेशी माणसासारखे बोलायला लावू, असे सांगणारे व्हिडिओ सोडून द्यावेत.

पाड्यांवर रेंज नसते. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी व्हिडिओ यूट्यूबमध्ये ऑफलाइन साठवून आणावेत. एका संध्याकाळी एकच, तीन ते पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा आणि त्याच्या चार फेऱ्या कराव्यात.

पहिल्या फेरीत मोबाइल पालथा ठेवून फक्त ऐकायचे.
दुसऱ्या फेरीत शिकवणाऱ्याचे ओठ, दात आणि जीभ पाहायची. गती ०.७५ वर ठेवली तर बरे पडते.
तिसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्यानंतर थांबवायचे आणि त्याच चालीत म्हणायचे.
चौथ्या फेरीत आपला आवाज रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकायचा.

अक्षरे पडद्यावर उमटत असतील तर ती पहिल्या दोन फेऱ्यांत बंद ठेवावीत. डोळा वाचू लागला की कान ऐकणे सोडतो.

६. फादर स्टीफन्स यांची वाट

इंग्रजीच्या मागे लागून मुले आपली भाषा विसरतील, अशी भीती काहींना वाटते. इथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण करावी. हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला. इंग्रजीत 'ळ' नाही, 'ण' नाही. तरी त्याने आपली भाषा इतकी आत्मसात केली की 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत रचले. ते १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आज आपण इंग्रजी उच्चार देवनागरीत लिहून मुलांना समजावतो. त्याने मराठीचे ध्वनी रोमन अक्षरांत बसवले होते. परकी भाषा शिकताना त्याने स्वतःची टाकली नाही, आणि आपल्या मुलांनीही टाकू नये. आमच्याकडे इंग्रजीच्या तासाआधी एक गोष्ट मुलांनी आपल्या बोलीत सांगायची असा नियम आहे.

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या भाषेत ऐकली. आत्म्याने सर्वांची एक भाषा केली नाही. बोलणारे गालीलीच होते आणि ते ऐकणाऱ्यांनी ओळखलेही.

७. व्हिडिओला कान नसतात

१ करिंथ १४ मध्ये पौल पावा, वीणा आणि कर्णा यांचे उदाहरण देतो. नाद स्पष्ट नसेल, तर लढाईला कोण सज्ज होईल, असा त्याचा प्रश्न आहे. बोलणे समजले नाही, तर बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना परके होतात, हेही तो तिथेच सांगतो. उच्चार स्पष्ट हवा, तो समोरचा परका राहू नये म्हणून.

व्हिडिओ चाळीस वेळा तेच वाक्य म्हणून दाखवतो, कंटाळत नाही आणि हसत नाही. पण तो ऐकत नाही. मुलाचे वाक्य समजले की नाही, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि आम्हाला तोच कमी पडतो. जुना मोबाइल किंवा छोटा स्पीकर मिळाला तर त्याचा उपयोग नक्की होईल. पण आपल्या मंडळीत इंग्रजी जाणणारे निवृत्त शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी आहेत. त्यांनी आठवड्यातून पंधरा मिनिटे फोनवर एका मुलाचे वाचन ऐकावे, समजले नाही तिथे मायेने पुन्हा विचारावे, आणि मुलालाही पुन्हा विचारू द्यावे. आपल्या पाळकांकडे नाव द्या. ते आमच्यापर्यंत पोहोचेल.

सहावीतला तो मुलगा आता नववीत आहे. तो 'सेव्हन' नीट म्हणतो. घरी गेला की आजीशी बोलताना 'हात'च म्हणतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाच्या बोलण्यावरून त्याचे गाव किंवा जात ओळखली जाते? त्यानंतर त्याच्याशी आपण कसे वागतो?
२. मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले, तेव्हा देवाने त्याच्याबरोबर कोणाला पाठवले? (निर्गम ४:१०-१६) आज आपण कोणाबरोबर उभे राहू शकतो?
३. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' एकमेकांना ऐकवा. ऐकणाऱ्याने कागदावर आकडा लिहावा आणि मग पडताळून पाहावा.

प्रार्थनेचे विषय

वसतिगृहातील सर्व मुलामुलींच्या धैर्यासाठी. नर्सिंगचे शिक्षण घेत असलेल्या मुलींसाठी. पाड्यांवरच्या शाळांतील शिक्षकांसाठी. आणि आपल्या सर्वांना धीराने ऐकणारे कान मिळावेत म्हणून.