परसबागेतील लाल कोळी : नियंत्रणाची योग्य दिशा

तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु कावेरीकाठी वसले आहे. मेट्टूर धरणातून सिंचनाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते. त्यापूर्वीचा उष्ण, कोरडा काळ परसबागेतील वांगी-भेंडीवर पडणाऱ्या लाल कोळ्यास पोषक ठरतो.

कोळी हा कीटक नव्हे. तो आठ पायांचा, अष्टपाद वर्गातील सूक्ष्म जीव आहे. पानाखाली राहून तो रस शोषतो. पानांवर पिवळसर ठिपके व बारीक जाळी दिसू लागते. उष्ण हवेत त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते.

अशा वेळी तीव्र कीटकनाशक फवारल्यास कोळ्यांना खाणारे ढालकिडे व परभक्षी कोळी मरतात आणि उपद्रव उलट वाढतो. डायकोफॉल हे कोळीनाशक तर २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या निर्मूलन-सूचीत समाविष्ट झाले.

म्हणून प्रथम ग्रस्त पाने तोडून नष्ट करावीत, पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा व त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. अंडी बचावत असल्याने पाच-सात दिवसांनी फवारणी पुन्हा करावी. घरच्या ताटात येणाऱ्या भाजीसाठी हाच क्रम हितावह होय.