नंदाला ठाऊक नव्हतं

आजचं वाचन: भागवत, दशम स्कंध, अध्याय ५.

"देवाचा काही अनुभवच येत नाही, मग नुसती पूजा करून काय उपयोग?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. त्यासाठी आज एक चित्र बघूया. राजस्थानात नाथद्वाऱ्याला १६७२ पासून श्रीनाथजी आहेत; वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाचं हे मोठं ठाणं. तिथे मूर्तीमागे रंगवलेलं कापड टांगतात, ती पिछवाई. तिथल्या चित्रकारांचा एक आवडता विषय म्हणजे नंदोत्सव, जन्माष्टमीचा दुसरा दिवस.

मधोमध सावळे श्रीनाथजी, गोवर्धन उचलायला डावा हात वर. समोर पाळणा, त्यात नवनीतप्रियजींची चिमुकली मूर्ती. म्हणजे देव एकाच चित्रात दोनदा! पाळणा झुलवणारे गोसावी, शेजारी नंद-यशोदेच्या वेशातले सेवेकरी आणि भोवती हळद घातलेल्या दह्याची उधळण. आमच्या पाथरीत रात्री बाराला पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटतात, दुसऱ्या दिवशी काला खातात. तिकडे दही खाण्यापेक्षा अंगावरच जास्त! भागवतातले गोपही तेच करतात.

आता मूळ कथा बघा. तिसऱ्या अध्यायात यशोदा दमून झोपलीय. मूल झालं एवढंच तिला कळलं, मुलगा की मुलगी तेही नाही. बाळांची अदलाबदल कोणालाच माहीत नाही. नंद आंघोळ करतो, ब्राह्मण बोलावतो, जातकर्म करतो, गाई दान देतो, तिळाच्या राशी देतो. हे सगळं देवासाठी नाही हं, पोरासाठी. त्याला कसलाही साक्षात्कार झालेला नाही. आणि नाथद्वाऱ्यात नंदाचा वेश घेणाऱ्याला मात्र सगळं माहीत असतं, देव समोर उभाच असतो. तरी त्या दिवशी तो नुसता बाप होतो. मला या चित्रातली हीच जागा सगळ्यात आवडते.

चित्रात नसलेली एक गोष्ट याच अध्यायात आहे. उत्सव झाला की नंद कंसाचा वार्षिक कर भरायला मथुरेला जातो. तिथे वसुदेव भेटतो आणि मुलगा झाला म्हणून नंदाचं अभिनंदन करतो. स्वतःच्याच मुलाबद्दल! विचारपूस करतो ती रोहिणीच्या मुलाची, कारण तेवढंच उघड विचारता येतं. सगळं ठाऊक आहे ते वसुदेवाला, पण पाळण्याची दोरी त्याच्या हाती नाही. शेवटी तो एवढंच सांगतो, गोकुळात काही अशुभ दिसतंय, लवकर परत जा.

हे शेवटचे श्लोक सावकाश वाचा. उद्या सहावा अध्याय, पूतना.