नर्मदेकाठची कवटी

कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील एक गाव. तेथील शाळेची मुले एके दिवशी पहाटेच एस. टी.च्या गाडीने नागपूरला निघाली. त्यांना तेथील मध्यवर्ती संग्रहालय पाहावयाचे होते. १८६३ साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयास लोक ‘अजब बंगला’ म्हणतात.

गाडी वर्धा नदीच्या पुलावर आली, तेव्हा एका मुलाने खिशातील पुरचुंडी हळूच चाचपली. उन्हाळ्यात ह्याच नदीच्या काठी त्याला एक हाड सापडले होते. ते दगडासारखे जड होते. ते आदिमानवाचेच असावे, असे त्याला मनोमन वाटे.

संग्रहालयात मुलांनी पुष्कळ जुन्या वस्तू पाहिल्या. मग त्या मुलाने भीतभीतच आपली पुरचुंडी तेथील अधिकाऱ्यांपुढे सोडली. त्यांनी ते हाड निरखून पाहिले व म्हटले, “बाळ, हे जनावराच्या पायाचे हाड आहे. गाळात पुरले गेलेले हाड वर्षानुवर्षे पाण्यातील क्षार शोषून घेते व दगड बनते. त्यास जीवाश्म म्हणतात. हे कोठे सापडले? काठाच्या कोणत्या थरात होते? जवळ आणखी काय होते?”

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “ते आठवत नाही. मी ते उपटून घरी नेले.”

“मग ह्याची अर्धी हकीकत नदीकाठीच राहिली!” अधिकारी म्हणाले. मुलाचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी सर्वांना जवळ बसवून सांगितले :

“५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशातील हथनोरा गावाजवळ, नर्मदेच्या काठी, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया ह्यांना मानवी कवटीचा जीवाश्म सापडला. चेहरा नाही, दात नाहीत. कवटीची उजवी बाजू तेवढी शिल्लक. पण ती गोट्यांच्या घट्ट थरात होती, आणि त्याच थरात हत्तींसारख्या प्राण्यांची हाडे व दगडी हत्यारेही होती. त्या सोबत्यांवरूनच कवटीचे वय अजमावता आले. ती दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीची असावी, असे मानतात. तो मानव कोणत्या जातीचा, ह्याविषयी मात्र विद्वानांत अजून मतभेद आहेत.”

“आमच्याकडे अशी कवटी सापडेल का?” एका मुलीने विचारले.

“तुमच्याकडील काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तेव्हा मानव नव्हताच. म्हणून माणसाचा माग काढायचा तो नदीने साचविलेल्या गाळात. तेथे काही दिसले, तर हात लावू नका. जागा टिपून घ्या आणि जाणत्यांस कळवा.”

परतताना मुलगा गप्प होता. पुढच्या रविवारी तो गुरुजींसह नदीवर गेला. दरडीतून हाडाचे एक टोक डोकावत होते. त्याचा हात पुढे झाला, पण लगेच मागे आला. त्याने वही काढली. पुलापासूनची पावले मोजली, दरडीचे चित्र काढले, तारीख घातली. त्या रात्री गुरुजींनी नागपूरला पत्र लिहिले. पत्रासोबत त्या मुलाच्या वहीतील ते पानही होते.