फर्मा

दौंडच्या स्टेशनात लहानपणापासून एक गोष्ट पाहत आलो. इंजिनात जोर कितीही असो, गाडी जाते ती रूळ नेतील तिकडेच. सुतारकामातील राउटर आणि फर्मा यांचे नाते असेच आहे. आमचे घर शिरूरला, घोडनदीकाठी. पण सुट्टी जाते ती दौंडला, मामांच्या कारखान्यात. तेथे जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

राउटर हे दोन्ही हातांनी धरायचे विजेचे यंत्र. त्याचे पाते मिनिटाला २०,००० च्या आसपास फेरे घेते. नुसत्या हाताने धरले तर ते लाकडाच्या रेषेबरोबर भरकटते. म्हणून लाकडावर प्लायवूडचा फर्मा शिकंज्यांनी आवळायचा. पात्याभोवती बुश नावाची धातूची नळी असते. ती फर्म्याच्या कडेला टेकून फिरते आणि पाते तिच्यामागून निमूटपणे जाते.

गेल्या दिवाळीत सहा दारांचे काम आले होते. प्रत्येक दाराला तीन बिजागऱ्या. म्हणजे फळीत अठरा आणि चौकटीत अठरा खाचा. बिजागरी १०० मिलिमीटर लांब. मी फर्म्याचे तोंडही १०० मिलिमीटरच कापले आणि मोठ्या ऐटीत पहिली खाच पाडली. बिजागरी बसेना!

मामांनी पट्टी लावली. बुश बाहेरून १६ मिलिमीटर, पाते १२ मिलिमीटर. फरक ४, त्याचा निम्मा, म्हणजे २ मिलिमीटर, प्रत्येक बाजूला सुटतो. खाच ९६ चीच झाली होती. फर्म्याचे तोंड १०४ हवे होते.

"कमी कापलंस म्हणून वाचलास," मामा म्हणाले. "जास्त कापलं असतंस, तर सागवान काय परत जोडणार होतास?"

मी मान खाली घातली. एका चुकीचे मला इतके वाटले नाही. तीच चूक छत्तीस ठिकाणी उमटली असती, या विचाराने अंगावर काटा आला. हाताची चूक एकदा होते, फर्म्याची चूक प्रत्येक नगात होते.

मग नवा फर्मा केला. कडा कानशीने सरळ केल्या, गुण्या लावून काटकोन पाहिला, आधी टाकाऊ तुकड्यावर खाच पाडली. खोली बिजागरीच्या पानाच्या जाडीइतकीच ठेवली. फर्म्याच्या आत राउटर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, म्हणजे बुश कडेला चिकटून राहते. बाहेरच्या कडेने जायचे तर दिशा उलटी. पाते बदलताना प्लग काढायचा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. फर्म्याला अख्खी सकाळ गेली. खाचा मात्र भराभर झाल्या आणि साऱ्या सारख्या!

आजोबा हे पाहत बसले होते. त्यांनी उमेदीत बैलगाडीची चाके केली. घेराचे तुकडे ते एकाच लाकडी फर्म्यावरून आखत. म्हणूनच ते जुळून चाक गोल होई. यंत्र नवे असले तरी फर्मा जुनाच आहे.

राहिले खाचेचे कोपरे. फिरते पाते कोपरा गोलच ठेवते, बिजागरीचा मात्र काटकोनी. ते छत्तीस खाचांचे कोपरे आजोबांच्या जुन्या पटाशीने मी हातानेच साफ केले.