घरातल्या वेली याच पावसात वर चढवा

कोकणातल्या एखाद्या वाडीत नारळाच्या खोडावर चढलेला मनी प्लांट पाहिला, की दिवाणखान्यात कपाटावरून लोंबणारी वेल तीच, हे पटत नाही. खोडावरचं पान सुपाएवढं, कडांना चिरलेलं; कपाटावरचं जेमतेम तळहातात मावणारं, आणि वेल खाली येईल तसं आणखी लहान. जात मात्र एकच, मूळची प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावरची. फरक आधाराचा आहे. मुळं रोवायला ओलसर, खडबडीत जागा मिळाली की अशी वेल वर चढते आणि पानांचा आकार वाढत जातो. लोंबकळत ठेवली की पेरं लांबतात, पानं आखडतात. म्हणून घरात वेल मांडायची नवी तऱ्हा शोधताना आधी ती चढते कशी ते पाहावं. शोभा त्यामागून आपोआप येते.

हे काम करायला आषाढ-श्रावणासारखे दिवस नाहीत. हवेत ओल भरपूर असते, ऊन सौम्य असतं, आणि पेरांतून फुटलेली मुळं काठीला चटकन धरतात. मे महिन्यात हीच मुळं टोकाला सुकून काळी पडतात. रोपवाटिका चालवणाऱ्यांनीही आत्ताच वेली काठीवर घ्याव्यात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत लोक घर सजवतात, आणि काठीला नीट धरलेली, भरदार वेल असेल तर गिऱ्हाईक तीच आधी उचलतं.

वेल चढवण्याचं कसब आपल्याकडे नवं नाही. मिरज तालुक्यातले पानमळे बघा. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांचा जिवंत आधार, त्यावर नागवेलीची लव्हाळ्याने केलेली बांधणी, वेल वाढेल तशी पुन्हा नवी बांधणी. गाठ पेराजवळ येते, कारण मुळं तिथूनच फुटतात. आणि ती सैल असते, कारण खोड जाड होणार असतं. पुढे वेल फार उंच गेली, खालून पानं खुडून उघडी पडली, की ती उतरवतात. उघडं खोड गुंडाळून मातीत पुरतात, शेंडा पुन्हा आधाराला लावतात, आणि पुरलेल्या पेरांना मुळं फुटून वेल नव्या जोमाने निघते. घरातल्या कुंडीसाठी यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. छताला टेकलेला, बुडाशी बोडका झालेला मनी प्लांट टाकून देऊ नका. काठीवरून हलक्या हाताने सोडवा, बोडकं खोड कुंडीतच गोल वळवून दोन बोटं मातीने झाका, शेंडा परत बांधा. नागवेलही पूर्वेच्या खिडकीत छान वाढते आणि जेवणानंतरच्या विड्याला चार पानं देते.

आता काठी. बाजारात काथ्या गुंडाळलेली मिळते, पण घरी करणं सोपं आहे. दीड इंची पीव्हीसी पाइप किंवा बांबू घ्या आणि त्यावर काथ्याचा दोर घट्ट, अंतर न सोडता गुंडाळा. याहून चांगली म्हणजे बारीक जाळीची नळी करून तिच्यात भिजवलेला काथ्या किंवा मॉस भरलेली काठी, कारण तिच्यात ओल टिकते. आठ इंची कुंडीला तीन फुटी काठी पुरते. काठी आधी कुंडीच्या तळापर्यंत रोवा, तळाशी दोन दगड ठेवून पक्की करा, मग माती भरा. भरल्या कुंडीत काठी खुपसली की मुळं तुटतात आणि काठीही डुलत राहते. मनी प्लांटच्या तीन-चार कांड्या काठीभोवती लावल्या तर काठी सगळीकडून भरते. मॉन्स्टेरा आणि मोठ्या पानांचे फिलोडेंड्रॉन यांना मात्र पाठ आणि पोट असतं. मुळं ज्या बाजूने फुटतात ती पाठ काठीला लावा, पानांची बाजू खिडकीकडे करा. उलटं लावलं तर वेल पिळवटून वळते आणि काठी सोडून देते. काठीवर रोज पाण्याचा फवारा हवा. कोरड्या काठीत मूळ शिरत नाही.

काठी सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून आवडतो तो जुना वासा. गावाकडे घरं पाडून नवी बांधताना सागवानी वासे आणि फळ्या निघतात आणि बऱ्याचदा जळणात जातात. त्यातला एक मनगटाएवढा जाड, चार-पाच फुटी, रंग-पॉलिश नसलेला तुकडा मोठ्या मातीच्या कुंडीत उभा करा आणि त्यावर मॉन्स्टेरा चढवा. वाळवी लागलेला नाही ना हे पाहा आणि मातीत जाणाऱ्या भागाला डांबर लावून तो पूर्ण वाळू द्या. खडबडीत लाकडावर मुळं कशी पसरतात आणि फटीत कशी शिरतात, हे कोपऱ्यात बसून पाहण्यासारखं असतं.

हॉल आणि जेवणाची जागा वेगळी करायची असेल तर लांबट कुंडीत बांबूची जाफरी उभी करून तिच्यावर सिंगोनियम किंवा हार्टलीफ फिलोडेंड्रॉन सोडा. उजेड आणि वारा अडत नाही, पडदा मात्र होतो. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे ठोकता येत नसतील तर खिडकीच्या चौकटीभोवती चिकटवायचे छोटे हुक लावून तंगूस ताणा. तंगूस दिसत नाही आणि वेल चौकटीनेच वळल्यासारखी वाटते. त्याला मुळं धरत नाहीत, त्यामुळे पान मोठं होणार नाही आणि दर पंधरा दिवसांनी नवा शेंडा हाताने गुंतवावा लागेल. थेट भिंतीवर वेल चढवू नका. मुळं रंगात रुततात, काढताना पोपडे निघतात. भिंतीपासून दोन इंच पुढे लोखंडी जाळी बसवली तर मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशीही धरत नाही.

होया वेगळ्या वळणाची. ती आधाराला पीळ घालत चढते, म्हणून तिला काठीपेक्षा तारेचं किंवा बांबूच्या कामटीचं गोल कडं द्या. शेंडा कड्यावर वळवून आडवा केला की मागच्या डोळ्यांतून फुटवे येतात आणि कडं भरतं. फुलं झडल्यावर त्यांचा दांडा मात्र कापू नका. पुढची फुलं त्याच दांड्यावर येतात.

पावसाळ्यात घरातला उजेड खूप कमी होतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. दुपारी कुंडीजवळ हात धरून पाहा. सावलीची कड अजिबात दिसत नसेल तर कुंडी खिडकीजवळ सरकवा. पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांच्या जाती कमी उजेडात हिरव्या पडू लागतात. उजेड कमी तसं पाणीही कमी. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी द्या. विद्राव्य खत 19:19:19 लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, पुरे होतं.

कुंडीखालच्या ताटलीत आणि बाटलीत लावलेल्या मनी प्लांटच्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून बाटलीतलं पाणी दर आठवड्याला बदला, बाटली आतून घासून धुवा, ताटली रोज रिकामी करा. यात हयगय नको.

पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून कुंडी बाहेर नेऊन संध्याकाळी फवारा. पानांमागेही फवारा पोचला पाहिजे.

मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम या सगळ्यांच्या पाना-खोडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ आणि ओठ सुजतात. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रं असलेल्या घरात या वेली हाताला-तोंडाला लागणार नाहीत अशाच उंचीवर मांडा. रोपवाटिकाधारकांनी ही सूचना विक्रीच्या वेळी तोंडी द्यावी आणि कुंडीवर चिठ्ठीही लावावी.

छाटलेले शेंडे फेकू नका. दोन पेरांची कांडी, खालच्या गाठीच्या थोडं खाली तिरका काप देऊन, कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात लावली तर या हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. श्रावणात लावलेल्या कांड्या नवरात्रापर्यंत काठीवर घेण्याजोग्या होतात. ऑक्टोबरचं ऊन तापायच्या आत त्यांना खिडकीपासून दोन फूट आत घ्या आणि काठीवरचा फवारा सकाळ-संध्याकाळ सुरू करा.