ग्रंथनिवड : नाव पाहून की लेखन वाचून?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. मात्र त्या अनुदानातून कोणती पुस्तके घ्यावयाची, हा प्रश्न दरवर्षी ग्रंथनिवड समितीपुढे उभा राहतो. लेखकाची कीर्ती किंवा साहित्यप्रकाराची प्रतिष्ठा एवढ्याच निकषावर यादी केली, तर वाचक कपाटापासून दूर राहतो. मराठीतील चार साहित्यप्रकारांची उदाहरणे या दृष्टीने बोधप्रद आहेत.

पहिले उदाहरण विज्ञानकथेचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. आपल्या कीर्तीचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलट क्रमाने योजून हे नाव घेतले होते. कथा तिच्या गुणांवरच निवडली गेली.

दुसरे उदाहरण रहस्यकथेचे. बाबूराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड या त्यांच्या नायकांनी असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लावली. तरीही या प्रकाराला हलके मानण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ टिकली. नवसाक्षराच्या हाती पहिले जाड पुस्तक टिकून राहते ते ‘पुढे काय झाले?’ या उत्कंठेमुळे, हे शिक्षकांनी ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

तिसरे उदाहरण कवितेचे. जळगावजवळच्या असोदे येथील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात काम करताना त्यांनी खानदेशी बोलीत रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती टिपून घेतली नसती, तर मराठी कविता एका थोर संचिताला मुकली असती.

चौथे उदाहरण आत्मकथनाचे. लक्ष्मीबाई टिळक यांना शालेय शिक्षण लाभले नव्हते; तरी १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी गद्याचे भूषण ठरली. १९७८ साली दया पवार यांच्या ‘बलुतं’ने गावकुसाबाहेरील जीवन वाचकांपुढे उघडे केले. अशी पुस्तके गावच्या कपाटात नसतील, तर गावातीलच काही माणसांचे आयुष्य त्या कपाटाला अपरिचित राहील.

यावरून समित्यांनी तीन गोष्टी कराव्यात. यादीत या चारही प्रकारांना स्थान द्यावे. खरेदीपूर्वी सदस्यांनी प्रत्येक पुस्तकाची निदान काही पाने स्वतः वाचावीत. वर्षअखेरीस देवघेव नोंदवही तपासून कोणते पुस्तक किती वेळा घरी नेले गेले, स्त्रिया, शेतमजूर व विद्यार्थी यांपैकी कोण वाचनालयात येत नाहीत, याचा विचार करावा.

पुस्तकांची संख्या दाखल नोंदवहीवरून कळते. वाचनालयाचे यश मात्र त्याच्या दारात येणाऱ्या माणसांवरून ठरते. पंचायत सदस्य, शिक्षक आणि अधिकारी यांनी ग्रंथनिवडीकडे या दृष्टीने पाहिले, तर अनुदानातील प्रत्येक रुपया सार्थकी लागेल.